गाळणीवर गोधडी

दारात पंखा लावून घराची परीक्षा घेतात, हे ओझीत गेरेतनं अठ्ठ्याहत्तर वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. पंखा लावायचा तो उन्हाळ्यात, आणि तोही माणसाला. बटाटे काढून झालेत, शेतं उघडी पडलीत, सकाळी गवतावर हिमाची साय दिसायला लागलीय, अशा ऑक्टोबरात घराला पंखा लावायचा म्हणजे एक तर पोराचं डोकं फिरलंय, नाहीतर पोरगं आपलं डोकं फिरवायला बघतंय. ओझीतला दुसरं खरं वाटलं.

पोरगं म्हणजे कॉनराड. एकुलता एक, पन्नाशी उलटलेला, खाली बँगोर शहरात राहणारा. त्यानं फोनवर सांगितलं, "आई, गुरुवारी एक बाई येईल. पुढच्या दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढेल. मग वारं कुठल्या कुठल्या फटीतून आत येतं ते कळतं. मोजतासुद्धा येतं. मी पण येतोय."

"वारं कुठून येतं ते मला विचार की. पश्चिमेकडून येतं. त्याला परीक्षा कशाला?"

"गेल्या हिवाळ्यात नळ गोठले, आई. आपलं काय ठरलंय, आठवतंय ना?"

ठरलंय म्हणजे त्यानं ठरवलं होतं आणि हिनं ऐकलं होतं. घर ऊब धरण्याजोगं निघालं तर ओझीत इथंच राहणार. नाही निघालं तर मोठा बर्फ पडायच्या आत घराला कुलूप, आणि ओझीत बँगोरला सुनेच्या हाताखाली. सून डार्लीन स्वभावानं वाईट नव्हती. पण तिनं माडीवरची खोली गेल्याच महिन्यात निळी रंगवून घेतल्याचं ओझीतच्या कानावर आलं होतं. निकालाआधीच पाट मांडून बसणाऱ्याला निकाल ठाऊक असतो, एवढं कळायला शाळा लागत नाही. ओझीत तशीही तिसरीनंतर शाळेत गेली नव्हती.

त्यात नणंदेनं तेल ओतलं. जर्मेन चर्चपलीकडे राहायची, पण गावातली प्रत्येक बातमी आधी तिच्या ओट्यावर येऊन चहा प्यायची.

"पंखा म्हणतेस, वहिनी? अगं बाई! ती गिरणीमागची ब्लांश आठवते ना? तिच्या घराला लावला होता पंखा. आता कुठाय ती? नर्सांच्या हातून वाटाण्याची पेज खातेय."

"ती पडली होती ना गं?"

"पडली. पण पंख्यानंतर पडली." जर्मेननं थोडा दम घेतला. चांगली बातमी ती नेहमी शेवटी वाढायची. "आणि तुझ्याकडे येणारी कोण आहे माहितीये? जोलीन. लिझोतांची."

ओझीतनं फोन ठेवला तो आपटलाच. लिझोत! ओझीत नवी नवरी असताना लिझोतांच्या म्हाताऱ्यानं वजन वाढवायला बटाट्याच्या पिंपांत तळाला दगड भरले आणि आळ गेरेतांच्या मजुरांवर घातला. त्या दिवसापासून दोन्ही घरं चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूंना बसत आली होती. आणि आता त्या घरातली पोर येऊन सांगणार, तुमचं घर पोकळ! कॉनराडला सगळ्या मुलखात दुसरं माणूस मिळालं नाही, की मुद्दामच शोधलं नाही?

परीक्षक फितूर असला तर परीक्षा अशी द्यावी की त्याला तोंड उघडायला जागा राहू नये. ओझीतनं पदर खोचावा तसा एप्रन खोचला. फर झाडाच्या फांद्या तोडून आणून, गारठा अडवायला, घराच्या पायाभोवती दाट रचल्या. त्या ती दरवर्षीच रचायची, यंदा दुप्पट रचल्या. मग खिडक्या घेतल्या. जुन्या फ्लॅनेलच्या चिंध्या सुरीच्या पात्यानं चौकटीत ठासल्या. वरून कणकेची खळ आणि चर्चच्या पत्रिकेच्या पट्ट्या डकवल्या. जिथं सुरी जाईना तिथं मेण ओतलं. बुधवारी तिनं प्रत्येक खिडकीसमोर हात धरून पाहिला. वाऱ्याचा मागमूस नव्हता. घर कसं लोणच्याच्या बरणीसारखं बंद.

राहिली शेगडी. कॉनराडनं बजावलं होतं, "बुधवारपासून लाकूड घालायचं नाही. राख थंडगार पाहिजे." इथंच ओझीतला कावा दिसला. स्वयंपाकघरातली ती काळी बिडाची शेगडी बटाटे तळघरात गेले की पेटायची, आणि ईस्टर येईपर्यंत विझायची नाही. नवरा ऑरेल गेला त्या हिवाळ्यातसुद्धा विझली नव्हती. मयताच्या दिवशी आधी शेगडीत ओंडका पडला, मग ओझीतनं काळा झगा घातला. आणि आता विझवायची? घर गार पडलं की यंत्र म्हणणार, बघा, गार आहे! आयतंच सापडेल त्यांना.

तिनं लाकूड घातलं नाही, तेवढं ऐकलं. निखारे मात्र एकत्र ओढून त्यांच्यावर राखेची जाड रजई घातली आणि दार लावून टाकलं. झाकली मूठ.

जोलीन लिझोत गुरुवारी सकाळी आली. तिशीची, रुंद खांद्यांची, केस टोपीत कोंबलेले. आजोबांचंच नाक. ओझीतनं आधी नाक पाहिलं.

"नमस्कार, मेमेर."

"मी कुणाची मेमेर नाही. लिझोतांची आजी व्हायची वेळ माझ्यावर आली नाही अजून."

"आई!" कॉनराड मागून आत येत म्हणाला. रात्रभर गाडी चालवल्यासारखा दिसत होता.

"बरं, मग गेरेतबाई म्हणते," जोलीन हसून म्हणाली. तिनं दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं आणि त्याच्या पोटातल्या भोकात ताटाएवढा पंखा. नळ्या, आकड्यांची डबी. मग ती शेगडीकडे वळली. "विस्तव विझलाय ना?"

"विझलाय."

"राख थंड?"

"लिझोतांच्या प्रेमाइतकी."

कॉनराडनं आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

पंखा घुमायला लागला. आधी हळू, मग चढत्या आवाजात, मग असा की भिंतीवरच्या क्रूसामागं खोचलेली, सणाला चर्चमधून आणलेली वाळकी झावळी थरथरली. ओझीत खिडकीपाशी हात बांधून उभी होती. चिंध्या जागच्या हलल्या नाहीत. बघा म्हणावं आता! तेवढ्यात मागं ठसका ऐकू आला. शेगडीच्या फटींतून करडी राख फवाऱ्यासारखी बाहेर आली, पाठोपाठ पिवळट धूर. धुराड्यातून वर जायचं ते सगळं उलटं खाली येत होतं. टेबलावरचं ठेवणीतलं पांढरं कापड, दुरडीतले पाव, कॉनराडचं टक्कल, सगळ्यावर राख बसली.

जोलीननं झडप घालून पंखा बंद केला, लाल कापड ओढून दार उघडं टाकलं. "बाहेर! दोघंही बाहेर व्हा!"

अंगणात खोकून झाल्यावर ती ओझीतसमोर उभी राहिली. आता ती हसत नव्हती. "खोटं का बोललात?"

"घर गार पडलं असतं."

"अहो, हा पंखा सगळ्या फटींतून हवा ओढतो. धुराडं म्हणजे सगळ्यात मोठी फट. हा धूर दिसला तरी. निखाऱ्याच्या विषारी वाफेला ना रंग, ना वास. ती घरात भरली असती तर आपण तिघंही कळायच्या आत आडवे झालो असतो."

कॉनराड राख झटकत नव्हता. तो हळू आवाजात बोलला, आणि तो हळू बोलला की ओझीतला जास्त भीती वाटायची. "झालं तर मग. घर मोजायची गरजच नाही. ऊब राहो न राहो. तोंडावर खोटं सांगून निखारे लपवणाऱ्या माणसाला मी हिवाळाभर एकटं ठेवू?"

घर वाचवायला जी मूठ झाकली होती, तिच्यापायीच घर चाललं. पण तिनं हनुवटी खाली केली नाही. "एवढा लांबून आलायस. पंखा आणलाय. मोजायचं ते मोज. मला आकडा ऐकायचाय. लिझोतांच्या तोंडून का होईना."

जोलीननं निखारे बादलीत भरून परसातल्या ओल्या मातीत ओतले. ते चुरचुरत विझले तेव्हा ओझीतनं तोंड फिरवलं. शेगडीची झडप बंद करून, फटींवर चिकटपट्टी मारून पंखा पुन्हा लागला. जोलीन हातात धुराची बारीक नळी घेऊन खिडकीखिडकीपाशी गेली. धुराची रेघ सरळच्या सरळ वर.

"खिडक्या कुणी केल्या?"

"मी."

"झकास केल्यात."

"मग?"

"तरी आकडा खूप मोठा आहे." तिनं डबी दाखवली. ओझीतला त्यातलं काही कळलं नाही, म्हणून तिनं ती नीट निरखून पाहिली. "वारं इथून येतच नाहीये. वरून येतंय." जोलीन माळ्याच्या झाकणाखाली उभी राहिली. तिच्या टोपीबाहेरच्या केसांना वाऱ्यानं उचललं. "पंखा ओढतोय म्हणून आत्ता वरून खाली. थंडीत उलटं होतं. तुमची ऊब वरच्या भोकांतून पळते, आणि ती गेली की तिच्या जागी गारठा खालून शिरतो. नळ आहेत तिथूनच, ओट्याखालून."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! पण ओझीत ते कबूल कशी करणार? ती म्हणाली, "मी माळा बघणार."

"आई, शिडी उभी आहे. पडशील."

"पडू दे. पंख्यानंतर पडले तर तुझं काम सोपं."

ती चढली. मागून कॉनराड, तिच्या टाचांशी हात धरून. माळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काचतंतूंची गुलाबी लोकर पसरलेली होती, बाळाच्या दुलईसारखी. कॉनराडनं दोन वर्षांमागं नाताळात आणून स्वतःच्या हातानं घातलेली. ओझीतनं अख्ख्या गावाला सांगितलं होतं, पोरानं मला गुलाबी गोधडी दिली. खरं सांगायचं तर ती गोधडी घातल्यापासूनच घर जास्त गारठायला लागलंय, असं तिला वाटायचं. पण आईनं लेकाच्या भेटीला नाव ठेवायचं कसं? मग वय झालं असेल, असं म्हणून तिनं अंगावर कोट घेतला होता.

जोलीननं धुराड्याजवळची लोकर उचलली. खालून ती काळीकुट्ट.

"आग!" ओझीतचा हात क्रूसाची खूण करायला वर गेला. "आग लागली होती इथं. मला न सांगता!"

"आग नाही. धूळ आहे. लोकर हवा अडवत नाही, नुसती गाळते. जिथं जिथं काळी, तिथून तुमची ऊब गेली." तिनं आणखी लोकर बाजूला केली. धुराडं आणि छताच्या लाकडांमध्ये एवढी फट होती की आख्खा हात कोपरापर्यंत जावा. दिव्याच्या तारांभोवती भोकं. न्हाणीघराच्या वाफेची नळी छताबाहेर न जाता लोकरीतच तोंड खुपसून संपलेली, आणि तिच्याभोवती सगळं ओलंकच्च. वरच्या खिळ्यांना गंज. "आधी भोकं बुजवायची, मग लोकर घालायची. इथं नुसती लोकर घातलीय. आणि ही नळी कुणी बसवली?"

कॉनराडचे कान लोकरीच्या वरच्या बाजूसारखे गुलाबी झाले.

ओझीतला सगळं एकदम समजलं, कारण ते तिच्या अंगाला माहीत होतं. बटाट्याच्या शेतात वारं सुटलं की लोकरीचा स्वेटर काय कामाचा? वरून मेणकापडाचं जाकीट घातलं तरच स्वेटर ऊब देतो. नाहीतर वारं त्यातून शिट्टी मारत जातं.

"म्हणजे पोरानं गाळणीवर गोधडी घातली," ती म्हणाली. "आणि दोन वर्षं मला सांगतोय, आई म्हातारी झाली, आईला थंडी फार वाजते!"

"पाकिटावर लिहिलं होतं, ऊब राहते म्हणून," कॉनराड पुटपुटला. "एवढंच वाचलं मी."

"माझी शाळा तिसरीपर्यंत. तुला तर कॉलेजात घातला होता." दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. पण तिच्या पोटात महिनाभर सलत होतं ते आता वर आलं. "खोली का रंगवलीस? निळी? घर विकायला काढलंयस ना? बर्फात गाड्या उडवायला येणाऱ्या शहरी लोकांना?"

कॉनराड तुळईवर बसला. जोलीननं पाठ फिरवून उगाचच एक तार तपासायला घेतली.

"जानेवारीत मी न कळवता आलो होतो, आठवतं?" तो म्हणाला. "तू शेगडीपुढं खुर्चीत बसली होतीस. अंगात कोट, डोक्यावर बाबांची टोपी. ओठ निळे. मी हाका मारल्या, आई, तू हलली नाहीस. मी दारातच उभा राहिलो. पुढं यायचं धाडस होईना मला. मग तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, बूट पूस. परत जाताना मी रंगाचं दुकान उघडायची वाट बघत गाडीत बसलो. निळाच मिळाला. तो लावायला गेला महिना उजाडला."

त्याच्या तोंडून बापाची आठवण ओझीतनं पुष्कळ दिवसांनी ऐकली. तिनं बराच वेळ गुलाबी लोकर चिमटीनं सारखी केली.

"कानात कापूस होता माझ्या," ती शेवटी म्हणाली. "वारं लागतं म्हणून."

खाली उतरल्यावर निकाल जोलीननं सांगितला. "घर पोकळ नाही. उघडं आहे. लाकूड चांगलं आहे, पाया भक्कम आहे. भोकं बुजवली की मी परत मोजते. आकडा निम्म्याच्या खाली आला नाही तर तुमचं तुम्ही ठरवा."

"आणि त्या दिवशी राख थंड पाहिजे," कॉनराडनं आईच्या डोळ्यांत बघून सांगितलं. "कोमट असली तरी मी पुढं एक शब्द ऐकणार नाही."

जोलीननं काम करायला घेतलं तेव्हा ओझीत शिडीखाली खुर्ची टाकून बसायची. धुराड्याभोवती पत्र्याची चौकट आणि आग सोसणारा तांबडा लेप. तारांच्या भोकांत फुगणारा फेस. माळ्याच्या झाकणाला रबराची कड. न्हाणीघराची नळी छताबाहेर. शेगडीला बाहेरची हवा आणणारा वेगळा पाइप, आणि विषारी वाफ आली तर ओरडणारी डबी भिंतीवर. सगळं झाल्यावर मग ओली लोकर फेकून नवा थर: वर्तमानपत्रांचा औषध लावलेला भुगा, धुराड्यापासून लांब राखलेला.

"कागद? माळ्यावर? माझ्या उरावर शेकोटी रचतेस होय गं?"

"आग धरत नाही. हा घ्या, काडी लावून बघा."

ओझीतनं खरंच अंगणात नेऊन काडी लावली. भुगा काळवंडला, पेटला नाही. तिनं तरी दुसरी काडी लावली.

मग जोलीन म्हणाली, "आता त्या चिंध्या काढा खिडक्यांतून."

"बघितलंस! हा खास लिझोती डाव. आधी म्हणायचं झकास, मग म्हणायचं काढा."

"वर पळायची वाट बंद झाली की खालून गारठा फारसा शिरतच नाही. आणि आग लागली तर खिडकी उघडायला नको?"

ओझीत कबूल झाली ती एका खिडकीपुरती. स्वयंपाकघराची पश्चिमेची. लग्न होऊन आल्यापासून त्या खिडकीचा पडदा कधी स्थिर असलेला तिनं पाहिला नव्हता. "तिथं पडदा हलला तर तुझे सगळे फेस मी परत खरवडून काढीन."

नोव्हेंबर लागून संतांचा सण उलटल्यावर दुसऱ्या मोजणीचा दिवस आला. आदल्या दिवशी ओझीतनं शेवटचा ओंडका जळून जाऊ दिला आणि दुसरा घातला नाही. निखारे लाल होते ते करडे झाले, करडे होते ते विझले. ती बघत बसली. तिनं ऑरेलची माफी मागितली नाही. माफी मागायची सवय दोघांनाही नव्हती. पण शेगडीचं दार लावताना हात जरा जास्त वेळ दारावर राहिला.

जोलीन आली तशी तिनं तिचं मनगट धरून शेगडीपाशी ओढलं. "घाल हात राखेत. तळापर्यंत. माझ्या शब्दावर जाऊ नकोस."

जोलीननं कोपरापर्यंत हात घातला. "थंडगार."

"कॉनराड, तूही घाल."

"राहू दे, आई."

"घाल म्हणते ना!"

त्यानंही घातला. पंखा लागला. राख उडाली नाही, झावळी थरथरली नाही. जोलीननं डबी या वेळी आधी ओझीतच्या हातात दिली. आकडा निम्म्याच्याही बराच खाली होता.

"यंत्राला काही पाजून आणलंस का?"

"तुम्हीच ठरवलंय, मेमेर, विश्वास ठेवायचा नाही."

या वेळी ओझीतनं मेमेर म्हटलेलं दुरुस्त केलं नाही. ती लेकाकडे बघत होती. कॉनराड खिडकीबाहेर लाकडांच्या राशीकडे बघत होता. तो म्हणाला, "ओसरीवर लाकूड कमी पडेल. जायच्या आधी आणखी रचून देतो. आणि डार्लीनला सांगतो, निळ्या खोलीत शिवणयंत्र ठेव म्हणून."

"निळा रंग शिवणाला बरा," ओझीत म्हणाली. एवढंच.

काडी तिनं स्वतः ओढली. लेक जवळ आला तर म्हणाली, "तू लांब राहा, गोधडीवाल्या." धूर सरळ वर गेला. तिनं तव्यावर कुट्टूच्या पिठाची धिरडी टाकली, एका बाजूनं भाजलेली, भोकाभोकांची, आणि लोणी लावून जोलीनपुढं सरकवली.

"आमचे आजोबा म्हणायचे, पिंपांत दगड गेरेतांनीच भरले होते," जोलीन तोंडात घास घेऊन म्हणाली.

"मेलेल्या माणसाशी मी भांडत नाही," ओझीत म्हणाली. "दगड त्याचेच होते. अजून एक घे."

दोघं गेल्यावर दुपारनंतर वारं उठलं. बाहेर पॉप्लरची झाडं पश्चिमेकडून वाकायला लागली. ओझीत स्वयंपाकघरात आली आणि जागीच थांबली. पडदा हलत नव्हता.

तिनं बोट ओलं करून चौकटीपाशी धरलं. काही नाही. देव्हाऱ्यातली, चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली मेणबत्ती पेटवून खिडकीच्या चारी कोपऱ्यांतून फिरवली. ज्योत ताठ. मग तिनं फोन लावला.

"जर्मेन, तुझ्याकडे वारं आहे का गं?"

"वारं? अगं, माझी वाळत घातलेली चादर नदीपार कॅनडात गेली असेल! का गं?"

"माझा पडदा हलत नाहीये."

जर्मेन आवाज खाली आणून म्हणाली, "वहिनी, त्यांनी नक्की काहीतरी केलंय."

"तेच म्हणते मी."

ओझीतनं फोन ठेवला, शेगडीत ओंडका सारला, आणि खुर्ची ओढून पश्चिमेच्या खिडकीसमोर बसली. अंगात कोट नव्हता. कानात कापूसही नव्हता. तिनं हात बांधले आणि पडद्यावर नजर रोखली. चोर कधी ना कधी हलतोच.